साठातल्या चाळीस

चमचा ठेवा आता खाली. संपलंय सगळं. शेवटचा रस बोटाने पुसून खाल्लात तेही मी बघितलं, पण कोणाला सांगणार नाही. इथे येणारे सगळेच तसं करतात. आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, मग बोट.

मी ताटली बोलतेय. इथले लोक मला प्लेट म्हणतात, म्हणू देत. मला उचलायला वेटर येईल, पण त्याला अजून वेळ आहे. तो पलीकडच्या टेबलावरच्या काकांना समजावतोय की आत्ता आलं ते जेवण नव्हतं, ती सुरुवात होती, आणि असं अजून सहा वेळा येणार आहे. काकांचं तोंड बघा. घरून खाऊन यायला हवं होतं असं वाटतंय त्यांना. ते पटेपर्यंत माझं ऐकून घ्या.

मी खोडकर आहे, आधीच सांगते. कोणी फार ऐटीत बोलायला लागला की त्याचा काटा माझ्यावर असा घसरतो की कर्रकन आवाज होतो आणि अख्खं टेबल दात आवळतं. एखादा वाटाणा एकटा सापडला तर त्याला मी काठाने गोल गोल पळवते. भारी कोटातला माणूस वाटाण्यामागे लागलेला बघायचा. तेवढीच माझी करमणूक.

बाकी मला काही वाटत नाही. गरम नाही, गार नाही, सुरी नाही, लिंबू नाही. दोनदा भट्टीतून काढल्यावर आणि अंगावर काचेचा थर चढल्यावर कोणाला काय वाटणार. ओली होते तेव्हा वाटायचं. तेव्हाचं जे आठवतं तेच सांगते.

एका घराच्या मागे लांबट खोली होती, तो कारखाना. एक भट्टी, एक मोठं टेबल, मातीच्या बादल्या, भिंतीभर फळ्या. एक म्हातारा आणि त्याची लेक. कारखाना म्हाताऱ्याने उभा केलेला. चाळीस वर्षं त्याने कप, बरण्या, ताटल्या केल्या. लेक त्याच्याच हाताखाली शिकली आणि मग त्याच्यापेक्षा नीटनेटकं करायला लागली. तो तिला हेडबाई म्हणायचा. केसात पेन्सिल खोचलेली, बोलणं मोजकं, हसणं त्याहून मोजकं. हेडबाईच ती.

मग म्हाताऱ्याला झटका आला. पाय सावरले, जीभ सावरली, फारच सावरली म्हणा, पण उजवा हात बधिर झाला. खांद्यातून हलायचा, कोपरातून वाकायचा. कोपराखाली मात्र काही कळायचं नाही. हात आहे की हातमोजा लटकलाय, त्याचं त्यालाच कळायचं नाही. दोन महिन्यांत त्याने बरण्यांची एक फळी पाडली, ओल्या कपांवर कोपर ठेवून बसला, आणि एकदा लेकीच्या पाठीला पाठ लावून उभा असताना तिने दिवसभर घासलेल्या बश्या बाहीने खाली ओढल्या. ती ओरडली नाही. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने फक्त कारखान्याच्या दाराला वरच्या बाजूला कडी लावली. म्हाताऱ्याचं स्टूल दाराबाहेर गेलं.

त्या दिवसापासून तो बाहेर स्टुलावर आणि ती आत टेबलाशी. मधे दार. तो दाराबाहेरून विचारायचा, माती भिजवलीस का, आच किती लावलीस. ती सगळ्याला हो म्हणायची.

याच सुमारास एक शेफ आला. नवीन हॉटेल काढत होता, हेच, ज्यात तुम्ही बसलाय. या लोकांना बाजारातली ताटली चालत नाही. आधी पदार्थ ठरवतात, मग त्याच्या मापाची ताटली शिवून घेतात, शर्टासारखी. त्याने पुठ्ठ्याचा गोल कापून आणला होता आणि अटींचा कागद. ताटली अठ्ठावीस सेंटिमीटर हवी. वेटरला एका हातावर तीन पेलल्या पाहिजेत. धुवायच्या यंत्रात टिकली पाहिजे. एकावर एक रचता आली पाहिजे. आणि मुख्य म्हणजे खड्डा. मधोमध नको, एका बाजूला. दोन चमचे रस ओतला की एका कडेला तो उभा राहिला पाहिजे आणि दुसऱ्या कडेला पातळ होत होत संपला पाहिजे. कुठे संपला ते डोळ्याला दिसता कामा नये.

ही अट त्याने तीनदा वाचून दाखवली. दाराबाहेरून म्हातारा म्हणाला, "याला ताटली नको, तळं हवंय."

अशा साठ हव्या होत्या. लेकीसाठी हे काम म्हणजे कारखाना राहतो की जातो असं होतं. भट्टी घ्यायला एक गिऱ्हाईक येऊन बघूनही गेलं होतं.

तिने सात नमुने लाटले. हो, लाटतात आम्हाला, मोठ्या लाटण्याने, कापडावर. अठ्ठावीसची व्हायची तर बत्तीसची लाटावी लागते, कारण भट्टीत माती आकसते, माणूस म्हातारपणी आकसतो तशी. प्रत्येकीच्या पाठीवर तिने खिळ्याने आकडा कोरला. मला वाचता येत नाही, पण माझ्या पाठीवर सात आहे एवढं ठाऊक आहे, कारण नंतर तो आकडा फार वेळा वाचला गेला.

सहा जणींचे खड्डे तिने वेगवेगळ्या तऱ्हेने केले. कुठे चमच्याने खरवडून, कुठे वाळूची पिशवी ठेवून, कुठे वाटी दाबून. सातवी करायच्या आधी तिला मातीच्या दुकानातून फोन आला आणि ती बाहेर गेली. कडी लावायची राहिली.

म्हातारा आत आला. कशाला आला ते सांगते. त्याची साखर वाढलेली म्हणून लेकीने बिस्किटांचा डबा कारखान्यात वरच्या फळीवर ठेवला होता. तो हळूच टेबलाशी आला, चवड्यांवर उभा राहिला, डावा हात वर केला, आणि तोल राहावा म्हणून उजवा हात खाली टेकला. माझ्यावर.

तळव्याचा मनगटाकडचा जाड भाग. सगळं वजन त्यावर. मी ओली होते, मला कळलं. माणसाने माती दाबली की मातीला कळतं हा दाबतोय. बोट जरा थांबतं, अंदाज घेतं, पुन्हा दाबतं. हा हात तसा नव्हता. तो विचारत नव्हता. कोणीतरी झोपेत कूस बदलून अंगावर यावं तसा आला आणि तसाच राहिला, दोन बिस्किटं खाऊन होईपर्यंत. मग तसाच, हळू, निघाला. माझ्यावर कोणी हात ठेवला असं मला वाटलं ते तेवढंच. नंतर सगळे आले ते काचेवरून.

म्हाताऱ्याला कळलंच नव्हतं. वळताना त्याला तळव्याला लागलेली माती दिसली. त्याने माझ्याकडे बघितलं, दाराकडे बघितलं, हात लेंग्याला पुसला आणि बाहेर स्टुलावर जाऊन बसला, देवमाणसासारखं तोंड करून.

लेकीने परत येऊन मला बघितलं. दुसऱ्या कोणी दाबलं असेल असं तिच्या मनात आलं नाही. ती थकलेली होती. आपणच घाईत हात ठेवला असणार असं समजली. बादलीत टाकून परत भिजवायचं तर तेवढंही जिवावर आलं. भट्टीत एक जागा रिकामी राहत होती म्हणून मी भाजले गेले, आणि काचेचा लेप उरला होता म्हणून तो मला लागला. माझा जन्म झाला तो असा, कोणाच्या मनात नसताना. तक्रार नाही.

शेफ आला तेव्हा टेबलावर सहा मांडल्या होत्या. त्याच्या खिशात नेहमी चमचा असतो. त्याने सहाही ताटल्यांत मोजून दोन-दोन चमचे रस ओतला आणि कमरेवर हात ठेवून बघत राहिला. पहिलीत रस मधे गोळा झाला. दुसरीत सांडला. तिसरीत कडेची रेघ दिसली. सहाही गेल्या. निघताना त्याची नजर खालच्या फळीवर गेली, तिथे माझ्यात खिळे ठेवले होते. त्याने खिळे काढले, मला शर्टाला पुसलं, दोन चमचे ओतले.

रस एका कडेला उभा राहिला. दुसरीकडे पातळ होत गेला आणि कुठे संपला ते कोणालाच दिसलं नाही.

"ही," तो म्हणाला.

"ती चुकून झालीय," लेक म्हणाली.

"मग अशाच साठ वेळा चुका, ताई."

पुढचे पंधरा दिवस ती चुकायचा प्रयत्न करत होती. मी समोर टेबलावर, बघायला. तिने तळवा टेकवून बघितला. कोपर टेकवून बघितलं. डोळे मिटून बघितलं. तिच्या हाताला सगळं कळायचं, तेच नडायचं. माती दबायला लागली की तिचा हात सावध व्हायचा, आणि तो सावधपणा खड्ड्याच्या कडेला उमटायचा, पायरीसारखा. मग तिने माझ्यात प्लास्टर ओतून खड्ड्याचा साचा काढला आणि त्याने चार दाबल्या. शेफने एकावर बोट फिरवलं, दुसरीवर फिरवलं आणि परत दिल्या. त्याला जुळ्या नको होत्या, बहिणी हव्या होत्या. एकीसारखी एक, पण तीच नव्हे.

सोळाव्या दिवशी दारावर थाप पडली.

"हेडबाई, ती ताटली मी केलीय."

तिने दार उघडलं. म्हाताऱ्याने बिस्किटांचं सगळं सांगितलं, फक्त दोनाचं एक केलं. मग उजवा हात डाव्या हाताने उचलून तिच्यापुढे धरला, दुकानदार माल दाखवतो तसा. म्हणाला, हात मिळेल, पण माझ्या अटी आहेत. स्टूल आत. रेडिओ आत. चहा आत. आणि दाराला कडी नाही.

लेकीने तो हात उलटून तळवा बघितला.

"साठ होईपर्यंत," ती म्हणाली.

स्टूल आत आलं.

कामाची रीत बसली ती अशी. ती लाटायची, साच्यावर बसवायची, कड कापायची. मग त्याचा हात मनगटाला धरून जागेवर आणायची आणि सोडायची. तो हात टेकवून रेडिओ ऐकायचा. बातम्या संपल्या की हात उचलायचा. दिवसाला तीन. ती पाठीवर आकडा कोरायची आणि फळीवर ठेवायची. तो म्हणायचा की चाळीस वर्षं राबलो तेव्हा कोणी विचारलं नाही, आता नुसता टेकून बसतो तर हॉटेलवाले रांग लावतात. ती हो म्हणायची. पण दार उघडं असायचं, आणि चहाचे दोन कप एकाच टेबलावर असायचे. म्हातारा रोज सकाळी तिच्याआधी येऊन स्टुलावर बसलेला असायचा, केस विंचरून, नोकरीला लागल्यासारखा.

आठवड्यातून दोनदा व्यायाम शिकवणारी बाई यायची. ती त्याची बोटं वाकवायची, हातात वाळू द्यायची, बटणं द्यायची. मग डोळे मिटायला सांगून सुईने टोचायची आणि विचारायची, "काका, कुठे टोचतेय?" म्हातारा म्हणायचा, "शेजाऱ्यांना." ती वहीत लिहायची. शून्य लिहायची असणार.

सत्ताविसावी झाली त्या दिवशी ती बाई हातावरची माती बघून म्हणाली की हे काम चांगलंय त्यांच्यासाठी, असा हात कधीकधी परत येतो, कोणालाच सांगता येत नाही कधी. लेक तेव्हा फळीवरच्या ताटल्या मोजत होती. तिने मान वर न करता म्हटलं, "साठ झाल्यावर येऊ दे."

कोणी हसलं नाही. लेकीने मोजणं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. म्हाताऱ्याने रेडिओ जरा मोठा केला.

वाईट मनाने नाही म्हणाली ती. मोजताना माणूस जे बोलतो ते आकड्यांकडूनच आलेलं असतं. एवढी वर्षं टेबलावर बसून माणसं बघतेय, तेवढं मला कळतं.

एक्केचाळिसावीच्या दिवशी थंडी होती. रात्रभर भिजलेली माती गार पडली होती. लेकीने त्याचा हात जागेवर आणला आणि सोडला. हात खाली आला, मातीला जेमतेम लागला आणि केसभर थांबला. केसभरच. मग टेकला.

लेक दुसरीकडे बघत होती. मी समोर होते. म्हाताऱ्याचं तोंड तसंच राहिलं, पण स्टुलाखाली त्याच्या चपलेतली बोटं आक्रसली. दोन्ही पायांची.

त्याला गार लागलं होतं.

बातम्या संपेपर्यंत हात तसाच ठेवला. बेचाळिसावीला पुन्हा तेच. त्या दिवसापासून म्हाताऱ्याचं काम दुप्पट झालं. आधी हाताला कळत नव्हतं, आता कळत असून कळू द्यायचं नव्हतं. तो रेडिओकडे टक लावून बघायचा, गाण्याचे शब्द म्हणायचा, मातीवर हात आहे हे विसरायला बघायचा. व्यायामवाली आली की खरी मजा. ती टोचायची, तो म्हणायचा शेजाऱ्यांना, आणि टेबलाखाली चपलेत बोटं मुठीसारखी वळलेली. एकदा तिने जरा जोरात टोचलं तर डोळ्यांत पाणी आलं. म्हणाला, कांदा चिरलाय कोणीतरी. घरात कांदा नव्हता.

मी बोलू शकले असते तर बोलले नसते. लबाडाने लबाडाची चुगली करू नये.

लेकीला का कळलं नाही म्हणाल तर ऐका. कच्च्या मातीत खड्डा खड्ड्यासारखाच दिसतो. काचेचा लेप चढून भट्टीतून निघाल्यावर आणि वर पाणी ओतल्यावरच कड बोलते. भट्टीत एका वेळी वीस मावायच्या. पहिल्या वीस निघाल्या तेव्हा तिने प्रत्येकीत पाणी ओतून बघितलं. सगळ्या नीट. दुसऱ्या वीस निघाल्या तेव्हा चार-पाचांत ओतून बघितलं. तिसऱ्या वीस निघाल्या त्या सकाळी शेफ येणारच होता, तेव्हा तिने नुसत्या पुसल्या. नीट करणारी माणसं अशीच चुकतात, शेवटच्या विसांत.

शेफने जमिनीवर चादर अंथरून साठही मांडल्या, दहाच्या सहा रांगा. पाण्याचा जग घेऊन एका टोकापासून सुरू केलं, प्रत्येकीत दोन चमचे पाणी, आणि गुडघ्यांवर वाकून उजेडात बघायचं. लेक भिंतीशी उभी. म्हातारा स्टुलावर. मी टेबलावर.

चार रांगा तो न थांबता गेला. पाचव्या रांगेतल्या पहिल्या ताटलीपाशी थांबला. पाणी एका कडेला उभं राहिलं, पण दुसरीकडे जाऊन दोन तुकडे झालं, मधे कोरडी रेघ. त्याने पुढची बघितली. त्याच्या पुढची. मग शेवटच्या दोन्ही रांगा, एकेक करून. जग खाली ठेवला.

"या वीस दुसऱ्या कोणी केल्यात."

"त्यांनीच केल्यात," लेक म्हणाली.

"नाही ताई. हा हात वेगळा आहे. हा हात घाबरतोय."

लेक खाली बसली. तिने एक ताटली उचलली, पाणी सांडलं, पाठ बघितली. एक्केचाळीस. शेजारची उचलली. बेचाळीस. मग चाळीस उचलली आणि दोघींच्या खड्ड्यांवरून अंगठा फिरवला. मग तिने म्हाताऱ्याकडे बघितलं. तो रेडिओकडे बघत होता. रेडिओ बंद होता.

"बाबा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बाबा."

म्हाताऱ्याने उजवा हात मांडीवरून उचलून डाव्या हाताखाली लपवला. शाळेत खिशातलं काही पकडलं गेल्यासारखा.

"एक्केचाळिसावीपासून," तो म्हणाला. "तू म्हणालीस, साठ झाल्यावर येऊ दे. मी थांबवून बघितलं ग. थांबेना."

शेफ पाण्याचा जग हातात घेऊन उभा राहिला आणि मग तो कशाला घेतला हे न कळून परत खाली ठेवला.

लेक उठली. रडली नाही. मला वाटलं होतं रडेल, पण तिचं तोंड भिंतीसारखं होतं. ती स्टुलापाशी गेली, त्याचा लपवलेला हात बाहेर काढला आणि तळव्यावर अंगठा दाबला.

"हे कळतंय?"

"कळतंय."

"हे?"

"कळतंय. नखं काप जरा."

तिने हात सोडला नाही. सगळ्या बोटांवरून एकेक करून गेली, करंगळीपर्यंत, आणि प्रत्येक बोटाला विचारलं. अंगठ्याला नीट कळत होतं, मधल्याला अर्धवट, करंगळीला अजून नाही. करंगळीपाशी ती बराच वेळ थांबली.

मग शेफकडे न वळता म्हणाली की यापुढच्या होणार नाहीत. हात बरा झालाय. साठ जमणार नाहीत, चाळीसच आहेत, घ्यायच्या तर घ्या, नाहीतर राहू देत.

शेफने जमिनीवरच्या चार रांगांकडे बघितलं. म्हणाला, "चाळीस नेतो. तो पदार्थ मग रोज चाळीसच जणांना मिळेल." आणि चादरीवर बसून स्वतःच कागदात गुंडाळायला लागला. तुम्ही आज आधीपासून सांगून ठेवलं होतं म्हणून तुम्हाला मिळाला. आता कळलं का, तो एवढा कमी लोकांना का मिळतो? वेटर सांगेल की मासा दुर्मीळ आहे. सांगू दे.

शेफ गेल्यावर म्हातारा उठला. त्याने स्टूल उजव्या हाताने उचललं, दाराकडे निघाला. चार पावलांवर पकड सुटली आणि स्टूल धाडकन पडलं. लेकीने बघितलं. ती गेली, स्टूल उभं केलं आणि परत टेबलाशी आणून ठेवलं.

"या विसांची बुडं खरखरीत राहिलीत," ती म्हणाली. "घासायला हवीत. घासकागद घ्या तो. उजव्या हातात."

"साठ झाल्या की," म्हातारा म्हणाला.

"साठ झाल्या नाहीत."

तो बसला. घासायला लागला. फार वाईट घासत होता, कागद दर मिनिटाला पडत होता. तो पडला की ती उचलून त्याच्या हातात देत होती.

मी इथे कशी आले ते राहिलं. पहिल्याच आठवड्यात इथल्या धुणाऱ्याच्या हातून चाळिसातली एक फुटली. शेफ एक मागायला गेला. तशी एकच शिल्लक होती. लेकीने मला कागदात गुंडाळलं. गुंडाळताना म्हाताऱ्याने एकदा हात पुढे केला, माझ्या खड्ड्यावरून फिरवला आणि तोंड वाकडं केलं, स्वतःचं जुनं अक्षर बघून करतात तसं. मग कागद मिटला.

मला त्याचं काही वाटलं नाही. आधीच सांगितलंय.

शेफने दोघांना जेवायला बोलावलं होतं. म्हातारा म्हणाला म्हणे, एवढ्याशा घासासाठी एवढे कपडे कोण बदलणार. लेकीने वेळ नाही म्हणून कळवलं. उरलेल्या वीस त्यांच्या घरात वापरात आहेत. आमटी दोन्हीकडे पळते अशी म्हाताऱ्याची कुरकुर असते, शेफ हसत हसत इथे सांगत होता. तुमच्यापुढे मिठाची ती छोटी वाटी आहे ना, वाकडी, बोटांचे ठसे असलेली, ती म्हाताऱ्याची आहे. शेफने बारा मागवल्या होत्या. म्हाताऱ्याला पाच महिने लागले. कडेवर एका जागी दाब कमी पडलाय, तिथे करंगळी आहे.

वेटर निघाला बघा तिकडून. काका ऐकेनात, दुसरा माणूस बोलवायला चाललाय, म्हणजे तुमच्याकडेही येईल.

जाता जाता एक काम करा माझं. कोणी बघत नाहीये. तळवा टेका माझ्यात. असा नव्हे, बोटं वर, मनगटाकडचा जाड भाग. बसला ना? सगळ्यांचा बसतो. दाबू नका, नुसता ठेवा. मी थंड झालेय, तुम्हाला गार लागेल. मला नाही लागत. तुम्हाला लागतंय ना, मग ठेवा अजून थोडा वेळ. लपवू नका कोणापासून.

बास. उचला आता हात, आला तो.